माळ्याने बांधलेले घर

मिरगाचा पाऊस तोंडावर आला, की खेड्यात लगबग सुरू होते. कुणी कौले चाळतो. कुणी शिडी लावून छपरावर चढतो, कुजलेले गवत उतरवतो आणि नवे घालतो. याला आपण घर शाकारणे म्हणतो. घरातली बाई भिंतींच्या भेगा लिंपून घेते. दर साली हेच काम. हात दुखतात, पैसा जातो. मग मनात येते, "मातीचं घर म्हणजे नुसती कटकट. हे काय घर आहे?"

आज आपण अशाच एका माती-गवताच्या घराविषयी वाचू. ते घर एका गरीब माळ्याने आपल्या हातांनी बांधले. त्याला अडीचशेहून जास्त वर्षे झाली. मधे एकदा त्याची भिंतही पडली. तरी ते घर अजून उभे आहे. लांबलांबची माणसे ते बघायला येतात.

ते का पडले आणि कसे टिकले, हे आपण नीट समजून घेऊ.

घर कुठे आहे?

सातासमुद्रापलीकडे ब्रिटन नावाचे बेट आहे. त्या बेटाच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एअर नावाचे शहर आहे. शहरापासून कोसभर अंतरावर ॲलोवे हे खेडे होते. आता शहर वाढत वाढत तिथवर पोचले आहे. पण ज्या काळची ही गोष्ट आहे, त्या काळी ते साधे खेडे होते. शेते, नदी, रस्ता आणि तुरळक घरे.

तिथले हवामान आपल्यासारखे नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने. तिथे तो बाराही महिने येतो. धो धो कोसळत नाही, पण पिरपिर थांबत नाही. समुद्रावरून वारा येतो, तो अंगाला झोंबतो. हिवाळ्यात तर दिवस जेमतेम सात तासांचा. बाकी सगळी रात्र.

अशा मुलखात मातीचे घर? तुम्ही म्हणाल, "ते तर वर्षभरात विरघळून जाईल!" पण तसे झाले नाही.

घर कुणी बांधले?

घर बांधणाऱ्याचे नाव विल्यम बर्न्स. त्याचा जन्म १७२१ सालचा. त्याचे मूळ गाव स्कॉटलंडच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडे होते. घरची शेती डबघाईला आली. तेव्हा पोटासाठी त्याने गाव सोडले. तो माळीकाम करू लागला. आधी एडिंबरा या मोठ्या शहरात राबला, मग एअरच्या बाजूला आला.

दुसऱ्यांच्या बागा शिंपता शिंपता त्याचे वय पस्तिशीला आले. तेव्हा त्याने ॲलोवे इथे सुमारे सात एकर जमीन पट्ट्याने घेतली. भाजीपाला लावायचा आणि एअरच्या बाजारात विकायचा, असा त्याचा बेत होता. त्याच जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, १७५७ साली त्याने घर बांधले. गवंडी बोलावण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. त्याने आपल्याच हातांनी भिंती उभ्या केल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ॲग्नेस नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. नव्या घरात नवा संसार सुरू झाला.

भिंती कशा होत्या?

घर लांबट, बुटके आणि एकमजली आहे. भिंतींना शेतातले दगडगोटे आणि चिकणमाती वापरली. म्हणजे सामान जागचेच. दूरवरून गाडीभाडे भरून आणायचे काही नाही.

भिंती जाड केल्या. जाड भिंतीमुळे बाहेरची थंडी आत लवकर शिरत नाही. आपल्याकडे हीच भिंत बाहेरचे ऊन आत शिरू देत नाही. खिडक्या लहान लहान ठेवल्या. लहान खिडकीतून उजेड कमी येतो हे खरे. पण वारा आणि थंडीही कमी येते.

मातीच्या भिंतीचा एकच मोठा वैरी आहे. तो म्हणजे पाणी. पाणी वरून भिंतीच्या डोक्यात शिरले, तर भिंत गेली. खालून पायात मुरले, तरी भिंत गेली. म्हणून भिंतीच्या डोक्यावर चांगले छप्पर हवे आणि पायाशी पाणी साचता कामा नये. मधल्या अंगाला चुना लावतात. या घरालाही बाहेरून चुन्याची पांढरी सफेदी असते. चुना म्हणजे भिंतीचा अंगरखा. पाऊस चुन्यावरून वाहून जातो. आणि भिंतीत ओल शिरलीच, तर चुना तिला कोंडून ठेवत नाही. ती हळूहळू बाहेर पडते आणि भिंत सुकते.

सिमेंटचे तसे नाही. ब्रिटनमध्ये पुष्कळ लोकांनी आपल्या जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला. घर पक्के होईल असे त्यांना वाटले. पण ओल आत कोंडली. भिंत आतून मऊ पडली. बाहेरून गुळगुळीत आणि आतून भुसभुशीत! काही भिंती तर कोसळल्या. हा धडा आपल्यालाही लागू आहे.

छपराचे गुपित

आता वर बघू. छप्पर पेंढ्याचे आहे. गवताचे छप्पर पाणी कसे अडवते, याचा कधी विचार केला आहे का?

करून पाहा. गवताची एक जाड पेंढी घ्या. ती जमिनीवर आडवी ठेवा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी पेंढीत शिरेल आणि खाली झिरपेल. आता तशीच दुसरी पेंढी घ्या आणि उभट तिरकी धरा. वरून पाणी ओता. बघा, पाणी काडीवरून काडीवर घसरत खाली जाते. पेंढीची वरची साल तेवढी भिजते. आतल्या काड्या कोरड्या राहतात.

हेच छपराचे गुपित आहे. गवत पाणी अडवत नाही, ते पाण्याला वाट दाखवते. म्हणून गवताच्या छपराचे पाखे उभट असावे लागतात. उतार कमी पडला, की पाणी रेंगाळते. पाणी रेंगाळले, की गवत कुजते.

गवताचा दुसरा गुण म्हणजे ऊब. काडी आतून पोकळ असते. पोकळीत हवा असते. दोन काड्यांच्या मधेही हवा असते. ही कोंडलेली हवा गोधडीसारखे काम करते. हिवाळ्यात घर उबदार राहते, उन्हाळ्यात गार राहते.

तिसरा गुण म्हणजे हलकेपणा. दगडी किंवा कौलारू छपरापेक्षा पेंढ्याचे ओझे कमी. मातीच्या भिंतीला ते झेपते.

पण हलकेपणा हा दोषही आहे. वारा आला की छप्पर उडायला बघते. म्हणून ते वाशांना नीट बांधावे लागते. स्कॉटलंडच्या काही बेटांवर तर छपरावरून दोर टाकतात आणि दोरांच्या टोकांना जड दगड बांधतात. गरज सारखी असली, की दूरच्या माणसांनाही सारख्याच युक्त्या सुचतात.

घराच्या आत

एका लांब छपराखाली या घराचे चार भाग आहेत. एक स्वयंपाकघर, एक आतली खोली, एक कोठार आणि एक गोठा. सगळे एका ओळीत. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

स्वयंपाकघर हाच घराचा जीव. तिथे चूल. तिथेच उठबस, जेवण आणि निजणे. भिंतीला कोनाड्यासारखी खोलगट जागा करून तिच्यात बिछाना केला आहे. तीन बाजूंनी आडोसा असला, की थंडीत अंगाची ऊब वाया जात नाही.

याच बिछान्यावर २५ जानेवारी १७५९ रोजी विल्यमला पहिला मुलगा झाला. त्याचे नाव रॉबर्ट ठेवले.

वादळ आले

रॉबर्ट नऊ-दहा दिवसांचा होता. बाहेर वादळ सुटले होते. उजाडायला थोडा अवकाश होता. एवढ्यात घराच्या टोकाची भिंत ढासळली. वर त्रिकोणी होत आढ्यापर्यंत जाते, तीच ही भिंत. तिचा काही भाग बाहेर पडला. उरलेली भिंत खिळखिळी झाली. तीही कोणत्या क्षणी अंगावर येईल याचा नेम नव्हता.

बाळंतीण आणि नऊ-दहा दिवसांचे पोर! त्यांना तशा वाऱ्यापावसात उचलून शेजाऱ्याच्या घरी न्यावे लागले. शेजाऱ्याने आसरा दिला. आठवडाभर मायलेक तिथेच राहिले. तेवढ्यात विल्यमने घर दुरुस्त केले आणि त्यांना परत आणले.

भिंत का पडली? "वादळानं पाडली," असे कुणीही म्हणेल. पण वादळ तर शेजाऱ्याच्या घरावरूनही गेले होते. मग हीच भिंत का पडली?

याचे उत्तर रॉबर्टच्या धाकट्या भावाने, गिल्बर्टने, पुढे लिहून ठेवले आहे. ते प्रत्येक घर बांधणाऱ्याने ऐकावे असे आहे.

विल्यमने ती भिंत मातीची बांधली होती. तिच्यातच चूल आणि धुराडे बसवले होते. चुलीच्या दोन अंगांना त्याने दोन दगडी खांब उभे केले आणि त्यांच्यावर आडवा दगड टाकला. चुलीजवळ आग असते, तिथे दगड घालावा, हा विचार काही चुकीचा नव्हता. पण माती आणि दगड यांचा स्वभाव वेगळा आहे. ओली माती सुकते, तेव्हा आकसते. स्वतःच्या भाराने ती खाली बसते. दगड मात्र जागचा हलत नाही. इथेही तसेच झाले. भोवतालची माती खाली बसली आणि मधले दगडी खांब तसेच ताठ राहिले. त्यामुळे भिंतीचा तोल गेला. ती बाहेर झुकली. वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला.

म्हणजे माती कमजोर नव्हती. दगडही कमजोर नव्हता. त्यांचा जोड चुकला होता.

विल्यम हा माळी होता, गवंडी नव्हता. त्याची चूक झाली. पण भिंत पडली म्हणून तो कपाळाला हात लावून बसला नाही. "मातीचं घर, जायचंच," असेही म्हणाला नाही. त्याने घर पुन्हा नीट केले. पुढे त्याच घरात त्याला आणखी तीन मुले झाली. गिल्बर्ट १७६० साली, ॲग्नेस १७६२ साली आणि ॲनाबेला १७६४ साली. चौघेही त्याच छपराखाली रांगली.

शेजाऱ्यांनी मिळून शाळा उभी केली

मुलांची आई ॲग्नेस हिला थोडे वाचता येत असे, पण लिहिता येत नव्हते. स्वतःचे नावसुद्धा तिला लिहिता येत नसे. पण जुनी गाणी तिला पुष्कळ पाठ होती. ती काम करता करता गाई. रॉबर्टच्या कानावर पहिली कविता पडली, ती आईच्या तोंडून. बरं का, अक्षर येत नाही म्हणून माणूस रिकामा नसतो.

विल्यमला वाटे, मुलांना लिहिता-वाचता आले पाहिजे. रॉबर्ट सहा वर्षांचा झाला. जवळच एक शाळा होती, तिथे त्याला घातले. पण थोड्याच दिवसांत मास्तर दुसरीकडे गेले आणि शाळा बंद पडली.

आता काय करायचे? एकट्या माळ्याला मास्तर ठेवणे परवडणारे नव्हते. तेव्हा विल्यम चार शेजाऱ्यांशी बोलला. पाच घरांनी मिळून १७६५ साली एक मास्तर ठेवला. त्याचे नाव जॉन मर्डॉक. वय अवघे अठरा. पगार सगळ्यांनी मिळून द्यायचा. मास्तराने पाळीपाळीने एकेकाच्या घरी राहायचे आणि जेवायचे. झाली शाळा!

भिंत पडली तेव्हा शेजारीच कामाला आला होता. शाळा हवी होती, तेव्हाही शेजारीच कामाला आले. दगडमातीचा जोड चुकला, पण माणसांचा जोड विल्यमने बरोबर जुळवला.

हा मास्तर पाळीने विल्यमच्या घरीही राही. त्याने पुढे या घराची आठवण लिहिली आहे. घर अगदी साधे, मातीचे होते, पण तिथल्याइतके समाधान एखाद्या राजवाड्यातही नसेल, असे त्याने म्हटले आहे.

मुलांसाठी विल्यमने स्वतः धर्माचे एक छोटे पुस्तकही लिहिले. बाप आणि मुलगा यांच्या सवाल-जबाबाच्या रूपात. पोरांनी दुसऱ्याच्या शेतावर पोरके गडी होऊन राबू नये, आपल्या डोळ्यांसमोर शिकावे, हा त्याचा ध्यास होता. त्यासाठीच त्याने १७६६ साली मोठी शेती खंडाने घेतली आणि हे घर सोडले. ती शेती लाभली नाही. फार कष्ट पडले. १७८४ साली तो वारला. पण मुले शिकली होती.

थोरला रॉबर्ट नांगर धरता धरता कविता करू लागला. गावच्या बोलीत, साध्या माणसांविषयी. तो स्कॉटलंडचा सर्वांत लाडका कवी झाला. १७९६ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो वारला. जुन्या मैत्रीवरचे त्याचे गाणे नव्या वर्षाच्या रात्री देशोदेशी गातात. दर साली २५ जानेवारीला लोक त्याच्या नावाने जेवणावळी घालतात.

घराचे पुढे काय झाले?

१७८१ साली विल्यमने हे घर विकले. एअरच्या जोडे शिवणाऱ्या कारागिरांच्या संघाने ते घेतले. पुढे पुष्कळ वर्षे तिथे दारूचा गुत्ता होता. रॉबर्टचे नाव झाले, तसे लोक घर बघायला येऊ लागले. इंग्रज कवी जॉन कीट्स १८१८ साली आला होता. पण ज्या घरात मुलांनी अक्षरे गिरवली, तिथे पेले खणखणत होते.

अखेर १८८१ साली रॉबर्टच्या स्मारकाच्या विश्वस्तांनी हे घर विकत घेतले. चार हजार पौंड मोजले. पौंड म्हणजे तिकडचा रुपया. गुत्ता गेला. मागाहून जोडलेले बांधकाम काढून घर पूर्वीसारखे केले. आज नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था ते सांभाळते.

सांभाळते म्हणजे काय करते? तुम्ही-आम्ही मिरगाआधी करतो, तेच. भिंतीला चुना देते. भेगा बुजवते. छप्पर जुने झाले की नवे शाकारते. विल्यमने घातलेली पेंढ्याची एक काडीही आज छपरावर असणार नाही. किती वेळा ते बदलले असेल! तरी घर तेच आहे. कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी शिडी लावून वर चढले.

आपण काय शिकायचे?

मातीचे घर म्हणजे कमी दर्जाचे घर नव्हे. पक्के घर बांधता आले, तर खुशाल बांधावे. पण आहे ते घर मातीचे असेल, तर त्याची लाज धरू नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मातीची भिंत थराथराने बांधावी. एक थर सुकला की मगच दुसरा चढवावा. मातीत दगड किंवा वीट बसवायची असेल, तर जाणत्या गवंड्याला विचारावे.

२. भिंतीच्या पायाशी पाणी साचू देऊ नये. चर खणून वाट द्यावी.

३. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. मातीचे लिंपण किंवा चुना बरा.

४. गवताच्या छपराला उभट उतार द्यावा. चुलीची ठिणगी वर उडणार नाही अशी सोय करावी. विजेची उघडी तार छपरातून नेऊ नये.

५. भेग दिसली, की त्याच आठवड्यात बुजवावी. वादळाची वाट बघू नये.

आणि सहावी गोष्ट घराची नाही, घरातल्या माणसांची आहे. एकट्याला जमत नसेल, तर चार शेजाऱ्यांशी बोलावे. पाच घरे मिळून भिंतही उभी राहते आणि शाळाही.

शब्दांचे अर्थ

पट्ट्याने घेणे – ठरावीक मुदतीसाठी कराराने जमीन घेणे
आढे – छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड
पाखे – छपराच्या उतरत्या बाजू
धुराडे – चुलीचा धूर बाहेर जाण्याची वाट
विश्वस्त – लोकांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारे

प्रश्न

१. विल्यमच्या घराची भिंत वादळाने पडली की आणखी कशाने? तुमच्या शब्दांत सांगा.
२. गवताच्या छपराला उभट उतार का लागतो?
३. पाच घरांनी मिळून मास्तर कसा ठेवला?
४. तुमच्या घराची भिंत उद्या नीट बघा. भेग कुठे आहे? पाणी कुठे साचते? चार ओळी लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा.